मालगाडीचं इंजिन

एक डोळा मिटायचा, तळहात माझ्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "खऱ्याला आसतंय ते." तळहातावर काय, तर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी काळं. "काय हो हे?" म्हटलं की उत्तर यायचं, "भोंगा. इंजनाचा."

शाहूपुरीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. हे गृहस्थ माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायचे. आता नवरा-बायको दोघं मुलीकडं साताऱ्याला असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मी काका म्हणायचे ते वयाकडं बघून. मान द्यावा असं त्यांच्यात मला कधी काही दिसलं नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल बघा. घरात इकडची काडी तिकडं करणार नाही, आणि खेळणं मात्र देव्हाऱ्यातल्या देवासारखं जपणार.

खेळणं म्हणायची सोय नव्हती. "मॉडेल म्हना, ताई." वीतभर लांबीचं डिझेल इंजिन. विकत आणलेलं, चांगलं रंगीत, टेबलावरच्या रुळांवर झकास पळणारं. दुसऱ्या कुणी ते पळवून मजा केली असती. ह्यांना त्यात खोट दिसायची. दाराला धरायचे दांडे नाहीत. काचेला वायपर नाही. तोंडाला ब्रेकचे पाईप लोंबत नाहीत. मग स्वारी स्टेशनवर. आपल्या कोल्हापुरात गाडी येऊन संपते, इंजिन डब्यांपासून सुटं करतात, तेवढ्यात हे मोबाईल घेऊन त्याच्या तोंडासमोर वाकणार. आणि घरी येताना माझ्या दुकानात डल्ला. जरीची तार दांड्यांना, काळं गोल इलॅस्टिक पाईपांना, हुकाचा मोडका तुकडा डबे जोडायच्या आकड्याला. मागून नेत होते म्हणायचं, पण परत आलेलं मी काही बघितलं नव्हतं.

एकदा दसरा होऊन बरेच दिवस झाल्यावर पिवळा दोरा मागायला आले. खंडेनवमीला इंजिनांची पूजा होते, झेंडूच्या माळा घालतात. माळ गळून पडते, पण वाळका दोरा आणि चुरगळलेल्या चार पाकळ्या तशाच लटकत राहतात. ते ह्यांना हवं होतं.

"ताजा पिवळा नगं," डबा उपसत म्हणाले. "मळलेला द्या. खऱ्याला मळलेला आसतोय."

मी कात्री खाली ठेवून बघतच राहिले. तेवढ्यात काकू, म्हणजे त्यांची बायको, भाजीला म्हणून जिना उतरत होत्या. भिंत चाचपत, प्रत्येक पायरीवर थांबत. कुंकू कपाळावर नव्हतंच, भुवईवर होतं.

"काकू, कुंकू सरकलंय," मी म्हणाले.

"सरकलंय व्हय? आरशात बरं दिसलंतं की."

त्या हसून पुसायला लागल्या. काकांनी मान वर केली नाही. त्यांना दोरा सापडला होता.

काकू जयसिंगपूरच्या. भारी गोड बाई. इंजिनाच्या दांड्यांसाठी लावलेल्या बारक्या खांबांच्या भोकांतून जरीची तार ओवायचं काम त्यांच्याकडं असायचं, कारण ह्यांचे हात थरथरतात. पुढं पुढं त्यांना ते जमेना. मग वरून ओरडा ऐकू यायचा, "लक्ष कुटं आसतंय तुजं?" कधी दुधाचं पातेलं ओट्यावरून खाली यायचं, कधी दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. प्रत्येक आवाजामागून तेच, लक्ष कुठं आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी एकदा जिन्यात गाठून सांगितलं, "काका, काकूंचे डोळे दाखवून या."

"वय झालंय. हुतंय तसं," म्हणाले आणि मला विचारलं, बारीक काळा मणी आहे का.

गणपतीत आरतीला वर गेले होते. गणपतीपुढं रुळांचं गोल कडं मांडलेलं, त्यावर इंजिन एकटंच फिरत होतं. डबे खोक्यात.

"डबे लावा की त्येला," काकू म्हणाल्या. "जयशिंगपूरला जाऊन येतो मी."

"मालगाडीचं इंजन हाय ते. पॅशिंजरला लागत न्हाय."

कसली मालगाडी! खरं कारण मला दिसत होतं. ह्या शहाण्यानं इंजिनाच्या दोन्ही तोंडांना इतके पाईप आणि आकडे चिकटवले होते की डबा जोडायला जागाच उरली नव्हती. ओढूनताणून जोडला तर वळणावर पाईप डब्याला अडायचा आणि इंजिन रुळांवरून खाली. मी म्हटलं, काढा की मग ते पाईप.

"खऱ्याला आसतंय ते."

"अहो, खऱ्याला डबेपण असतात!"

काकू पदरात तोंड घालून हसल्या. काका माझ्यावर फुगले आणि त्यानंतर बरेच दिवस दुकानात आले नाहीत. फार शांततेत गेले ते दिवस.

दिवाळीच्या आत काकू जिन्यावरून पडल्या. पाय थोडक्यात वाचला. मी दुकान बंद केलं, त्यांना रिक्षात घातलं आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काका मागून आले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, जी थोडी राहिली आहे तीही टिकेल असं सांगता येत नाही. आधी आणायला हवं होतं.

बाहेरच्या बाकावर मी काकांना सोडलं नाही. लोक बघत होते, बघू देत. "कणीएवढा भोंगा दिसतोय तुम्हाला, आणि घरातलं माणूस आंधळं होताना दिसलं नाही?"

"मला वाटलं, तिचं लक्ष न्हाय," एवढंच म्हणाले.

त्या माणसाची मला तेव्हा किळस आली. आजही ती पुरती गेली आहे असं नाही.

उन्हाळा लागेपर्यंत काकूंना उजेड आणि सावली, एवढंच कळायचं उरलं. एका दुपारी काका दुकानात आले. डोळा मिटला नाही, तळहात पुढं केला नाही. काडेपेटी टेबलावर ठेवली. आत माझं इलॅस्टिक, जरीची तार, हुकाचे तुकडे आणि तो मळका पिवळा दोरा. सगळं खरवडून काढलेलं, डिंक आणि रंग अजून चिकटलेला.

"तुमचं सामान."

"का हो? खऱ्याला असतंय ना ते?" मी कशाला सोडते.

"डबं लागत न्हाईत त्यानं," म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळानं वरून आवाज यायला लागला. रुळांच्या सांध्यांवर डबे खटखटत होते, फेरीमागून फेरी. दारं-खिडक्या उघड्या होत्या, वरचं सगळं खाली ऐकू येत होतं.

"कुटं आली?" काकूंचा आवाज.

"रुकडी गेलं. आता हातकणंगलं."

"जयशिंगपूर आलं की सांगा हं. उतरायचं हाय मला."

मी मशीन थांबवलं. आता हा मनुष्य मालगाडीचं काढणार, मला खात्री होती. वर जाऊन दोन शब्द सुनवावेत म्हणून मी उठलेसुद्धा.

खटखट मंदावली आणि थांबली.

"आलं," काका म्हणाले. "हात दे. पायरी उंच हाय, सावकाश उतर."