भंतेंची खोळंबलेली पंगत

माझ्यामुळे एका मोठ्या विहारातले ओळभर भिक्खू भरल्या पानांवरून उपाशी उठणार होते, ही गोष्ट खरी आहे. तुमच्या आजोबांनी ती फोडणी घालून तुम्हाला सांगायच्या आत मीच नीट, क्रमवार लिहून पाठवते.

१९५७ सालचा हिवाळा. आदल्या वर्षीच दीक्षा घेतलेलं आमचं घर बौद्ध म्हणून अगदी कोरं करकरीत होतं. वंदना पाठ झाली होती. पण विहारात भिक्खू राहतात कसे, झोपतात कुठे, खातात काय, हे वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघ्यात आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी (सगळं घर त्यांना माय म्हणे) एकच ध्यास घेतला, "मरायच्या आंधी भंतेजीले माया हातची भाकर खाऊ घालाची हाये!"

म्हणून रोहणा गावातल्या आमच्या शेतातली ज्वारी दळून, तुरीची डाळ आणि ठेच्याच्या मिरच्या बांधून आम्ही तिघं सारनाथला निघालो. माय पिठाच्या डब्यावर बसली, तुमचे आजोबा मायच्या धाकात बसले आणि मी इंग्रजी प्रवासपुस्तक उघडून बसले. (मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्यामुळे मला सगळं कळतं, असं सर्वांचं मत होतं. सर्वांचं म्हणजे माझं.)

विहार केवढा! आमची अख्खी शाळा त्याच्या ओसरीत मावली असती. दोरीवर भिक्खूंची वस्त्रं, म्हणजे चीवरं, वाळत होती, हळदीपासून विटकरीपर्यंत प्रत्येक छटेची.

"विमल, हे कशानं रंगवते वं?" मायनं विचारलं.

"नंतर सांगते," मी म्हटलं. (अजून सांगायचं राहिलंच आहे.)

हिंदी बोलणाऱ्या व्यवस्थापकानं आम्हाला चूल दिली, "भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत" एवढं बजावलं आणि तो बाजारात निघून गेला. भिक्खू ब्रह्मदेशचे. त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना.

भाकरी झाल्या. माय म्हणाली, "ते बसले का मी एकेकाले वाढतो."

"माय, त्यात वेळ जाईल. पानं आधीच वाढून ठेवू."

"अवं पण..."

पण मी वाढूनसुद्धा टाकलं! वर्गातल्या बाकांसारखी सरळ रांग. भाकर डावीकडे, वरण मध्ये, ठेचा उजव्या कोपऱ्यात. भिक्खू आले, बसले, त्यांनी सूत्र म्हटलं आणि ते गप्प झाले. पानाला एकानंही बोट लावलं नाही.

"काऊन वं, जेवून नाई राह्यले हे?"

"श्श! ध्यान करताहेत." विहारात शांतता पाळावी, असं माझ्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. मी ओठांवर बोट ठेवून रांगेसमोर उभी राहिले. एका भिक्खूनं माझ्याकडे बघून काही बोलायला तोंड उघडलं. मी त्यालाही बोट दाखवलं! त्यानं आज्ञाधारकपणे तोंड मिटलं. सातवी 'ब'सुद्धा कधी इतकी शहाण्यासारखी बसली नव्हती.

अंगणातली सावली आखडत चालली. वरणावर साय धरली. आजोबा कुजबुजले, "विमल, बारा वाजत आले. यांचं ध्यान संपायचं कधी?"

"हे ध्यान नोहय!" माय उसळली. "हे रुसणं हाये! चार पोरीचे लग्नं लावले मी, मले शिकवते का? व्याही रुसला का अस्साच पानावर बसते, मुकाट!"

"माय, भिक्खू कशाला रुसतील?"

"मंग काय भाकरीले पाहूनच पोट भरते त्याईचं?"

मी अडवायच्या आत ती पुढे झाली, सर्वांत वृद्ध भंतेंसमोर बसली, त्यांचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, "घ्या न जी भंतेजी. म्हातारीवर राग नोका धरू."

भंतेंनी चटकन पुढे कापड पसरलं. (बाईच्या हातून ते थेट काही घेत नाहीत, हे आम्हाला मागाहून कळलं.) मायनं पान त्यावर ठेवलं, त्यांनी त्याला हात लावला आणि पहिला घास घेतला!

"पाह्यलं? मनवा लागते!" माय विजयानं म्हणाली.

पण शेजारचे भंते तसेच बसलेले. ते एकदा मायकडे बघत, एकदा आपल्या पानाकडे. आजोबांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, हाती दिल्याशिवाय खात नाहीत हे! नुसतं समोर मांडलेलं चालत नाही!"

मग जी धावपळ उडाली! बारा वाजायच्या आत माझी ती सुबक पानं एकेक करून उचलायची आणि द्यायची! वरण पानातून माझ्या लुगड्यावर, लुगड्यावरून आजोबांच्या पायावर. माय मात्र प्रत्येकापुढे थांबून "राग नोका धरू जी" म्हणायला चुकत नव्हती.

"माय, पटापट!"

"तू चूप बस! तुयाच पायी रुसले ते!"

शेवटचं पान दिलं आणि व्यवस्थापक बाजारातून परतला. बाराला थोडाच अवकाश होता. भिक्खू भराभर जेवले. ठेच्यानं वृद्ध भंतेंच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि ते बघून मायच्याही!

पंगत उठली. वृद्ध भंते व्यवस्थापकाच्या कानात त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. तो हात जोडून आमच्याकडे वळला, "माताजी, भंते कहते हैं, खाने से पहले मौन रखने की आपके वर्धा की प्रथा बहुत सुंदर है। बस, थोड़ी लंबी है।"

मायनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"ते प्रथा नोहय जी. ते आमची सून हाये!"