पुढाऱ्याची आरती

कापराचा वास आला की माझं डोकं तापतं. भांडुपच्या चाळीत असताना वाचनालयातून जादूगार-राक्षसांची पुस्तकं आणून वाचायचे, त्यामुळे रविवारची देवांची मालिका मला जीव की प्राण होती. शेजारच्या काकी टीव्हीला हार घालायच्या आणि आरती मी करायचे. निवडणुकीआधीच्या रविवारी आमचा पुढारी आला आणि हात जोडून थेट टीव्हीसमोर उभा राहिला. चाळीला नळ देतो म्हणून मागच्या वेळी मतं नेणारा हाच. "ओवाळ गं त्यांना, बघतेस काय?" काकी ओरडल्या. "आधी नळ कुठाय ते सांगा," असं म्हणायचं होतं, पण सगळे बघत होते. मी मुकाट्याने त्याला ओवाळलं. तो हसून म्हणाला, "ताई, मत आपल्यालाच ना?" मी मानही डोलावली. आज त्याच्यापेक्षा त्या मानेचाच जास्त राग येतो.