मुद्दा क्रमांक अकरा

दाऊदभाईंनी माझ्या घरचं लोखंडी कपाट आजवर चार वेळा उघडलं होतं. चारही वेळा नेहमीची चावी हरवली होती आणि जादा चावी कपाटातच होती. मी बी.कॉम. आहे, एका महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहे आणि निवृत्तीला आठ महिने उरलेत. मौल्यवान वस्तू कपाटात ठेवायची हा माझा नियम, आणि कपाटाची जादा चावी ही मौल्यवान वस्तूच. नियमाला अपवाद करणं मला जमत नाही.

दाऊदभाई आमच्या भागातले चावीवाले. बाजाराच्या तोंडाशी एका भिंतीला टेकून बत्तीस वर्षं त्यांची लाकडी पेटी. भिंतीतल्या खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे झुबके आणि मांडीजवळ कानस. ही कानस त्यांच्या वडिलांची. वडील कोपरगावकडे साखर कारखान्यात फिटर होते. गळीत संपलं की गावोगाव कुलपं दुरुस्त करत फिरायचे. कुणी साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेऊन आला, तर दाऊदभाई पेटीचं झाकण लावतात. "साबन आंघोळीला वापर बाबा," म्हणतात.

त्यांचा दुसरा नियम वहीचा. कुणाचंही कुलूप उघडलं की मालकानं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं आणि शेजाऱ्यानं साक्षीची सही करायची. माझ्या चार नोंदी त्या वहीत आहेत. "जादा चावी आत राहिल्याने, सबब कपाट उघडण्यात आले." असं लिहिणारा त्या वहीत मी एकटाच.

घरफोडी झाली की हवालदार दाऊदभाईंना मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचे. ते कुलपात डोकावून सांगायचे, "फोडलंय." नाहीतर, "चावीनं उघडलंय, घरातल्यांना इचारा." हे दुसरं वाक्य बोलले की त्या घरातून चहा येत नसे. पण घरमालकाकडून वहीत तारीख आणि पत्ता लिहून घेतल्याशिवाय ते उठत नसत.

यंदा उन्हाळ्यात नगरात घरफोड्या वाढल्या आणि आमच्या नागरिक समितीच्या ग्रुपवर एकच वाद पेटला. पोलिसांचे साहेब मवाळ आहेत, ते बदला. "आधीचे साहेब असते तर!" असं रोज कुणीतरी लिहायचं. आधीचे साहेब फार कडक आहेत, त्यांना बदला, असं निवेदनही आम्हीच दिलं होतं. तेही मीच लिहिलेलं. त्याची प्रत फायलीत होती, तिच्यात थोडा फेरफार केला की काम होणार होतं.

समितीचे अध्यक्ष कल्याणराव माझे शेजारी, सिमेंटचे व्यापारी. ते म्हणाले, "भाऊसाहेब, भाषा कडक पाहिजे. आणि आकडे टाका. आकड्यापुढं अधिकारी वाकतो."

आकडे माझ्याकडे तयारच होते. गुन्ह्यांच्या बातम्यांची कात्रणं मी फायलीत लावतो. शहराचं नाव बदललं तेव्हा मी फायलीला दुसरा कप्पा केला. एका पेपरच्या बातमीत नगर असायचं, दुसऱ्याच्या बातमीत अहिल्यानगर. ज्या नावाचं कात्रण, ते त्या कप्प्यात. निवेदनासाठी दोन्ही कप्प्यांची बेरीज केली. गेल्या उन्हाळ्यात सतरा घरफोड्या, यंदा एकोणचाळीस! बेरीज मी तीनदा तपासली. बेरीज बरोबर होती.

मागण्या दहा झाल्या. पण पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा उरली. रिकाम्या जागेत कुणी काहीही घुसडू शकतं, हे मी तीस वर्षं कनिष्ठांना शिकवत आलोय. म्हणून अकरावा मुद्दा टाकला: "रस्त्यावर बसणाऱ्या विनापरवाना चावीवाल्यांवर बंदी घालण्यात यावी." लिहिताना दाऊदभाई डोळ्यांपुढे आले नाहीत. फक्त पान भरल्याचं समाधान वाटलं.

पेपरात मथळा आला, "घरफोड्या दुपटीहून अधिक, नेतृत्व बदला." दोन आठवड्यांनी निवेदनाला उत्तर आलं. नेतृत्वबदल: वरिष्ठ पातळीवर विचाराधीन. रात्रीची गस्त: सूचना दिल्या आहेत. कॅमेरे: प्रस्तावित. मुद्दा क्रमांक अकरा: कार्यवाही पूर्ण.

"बघा, एक तरी मार्गी लागला!" कल्याणराव म्हणाले. मी उत्तर फायलीत लावलं.

पाच दिवसांनी माझं कपाट पाचव्यांदा बंद झालं. नेहमीची चावी हरवली, जादा चावी आत. बाजारात गेलो तर भिंतीत नुसते खिळे. शेजारी चहाची गाडी लावणाऱ्या छबूबाईंना विचारलं.

"नेली की पेटी उचलून. कुनीतरी अर्ज केलाय म्हनं."

"कुणी?"

"काय ठावं. लई शिकलेला मानूस हाय म्हनं. टाइप करून दिलाय."

चहा मागवला होता, तो न पिताच पैसे दिले.

दाऊदभाईंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी जहिराभाभींनी पाणी दिलं. दाऊदभाई कानस पुसत बसले होते.

"काय भाऊसाहेब, परत आत राह्यली?"

"राहू द्या ते. तुमचं काय झालं?"

"जागेचं एवढं न्हाई वाटत. पेटी हितं दारात पन मांडता येईल. पर चावीवाल्यावर एकदा संशय आला की त्याच्या हातात कुलूप कोन देनार? बत्तीस वर्षं पोलीस मला कुलपं दाखवाया नेत हुते." त्यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमी एक करा. तुमची भाषा चांगली हाय. माझं निवेदन लिहून द्या."

नाही कसं म्हणणार? पुरावा म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात वही आणि कात्रणांची फाईल शेजारी शेजारी उघडली. यंदाच्या उन्हाळ्यात दाऊदभाईंना वीस घरी नेलेलं. पत्ते जुळवत गेलो. पहिल्या कप्प्यातली वीस कात्रणं त्याच वीस घरांची. दुसऱ्या कप्प्यातली एकोणीसही त्यांतल्याच घरांची. नाव बदललेल्या शहरात तेच घर मी दोनदा फोडलं होतं, दोन्ही वेळा तारीखवार. शहरातल्या चोरट्यांनी सगळे मिळून वीस घरफोड्या केल्या होत्या. मी एकट्यानं एकोणीस.

कल्याणरावांना सांगितलं. ते भडकले. "सोमवारी मोर्चा आहे आणि आता आकडा कमी करता? आकडा कधी कमी करायचा असतो का, भाऊसाहेब!"

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाऊन सांगा साहेबांना. नाहीतर कपाट मी उघडून देणार नाही." ती कसं उघडणार होती, हे मी विचारलं नाही.

शनिवारी तक्रार ऐकून घेण्याच्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो. कल्याणराव पहिल्या रांगेत होते. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. मी म्हणालो, "साहेब, निवेदनातला आकडा चुकला. तो मी लिहिला होता. घरफोड्या एकोणचाळीस नाहीत, वीस आहेत." आणि दोन कप्प्यांची हकिकत सांगितली.

"म्हणजे गुन्हे वाढले नाहीत?"

"वाढलेत. गेल्या वर्षी कप्पा एकच होता, तेव्हाचे सतरा खरे. सतराचे वीस झालेत. दुप्पट नाहीत."

"आणि हा अकरावा मुद्दा?"

"पानावर जागा उरली होती, साहेब."

सभागृह हसलं. हवालदारसुद्धा हसले. कल्याणरावांनी छताकडे पाहिलं.

"मग माझी बदली व्हावी की होऊ नये?" साहेबांनी विचारलं.

"त्याबद्दल माझ्याकडे सध्या आकडा नाही."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "जास्तीच्या तीनचं उत्तर मला द्यावं लागेलच." मग त्यांनी मी पुढे केलेलं दाऊदभाईंचं निवेदन वाचलं, वही चाळली, आणि पेटी जागेवर पोचवायला सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर ठाण्याचा शिक्का घेतला गेला.

सोमवारी मोर्चा निघाला नाही. मी बाजारात गेलो तेव्हा दाऊदभाई खिळ्यांना चाव्या लावत होते.

"दाऊदभाई, तो अर्ज माझा होता."

"ठाऊक हाय. हवालदारानं झेरॉक्स दाखवली हुती. तीन ठिकानी 'सबब'."

"मग मलाच का लिहायला सांगितलंत?"

"लिहिता येनारं दुसरं कोन हाय माझ्या वळखीचं?" ते म्हणाले आणि पिशवी उचलली. "चला, कपाट बघू."

कपाट दोन मिनिटांत उघडलं. वही पुढे आली. मी लिहिलं, "चावी आत राहिली. चूक माझी." आता शेजाऱ्याची सही हवी होती. कल्याणराव शनिवारपासून माझ्याशी बोलत नव्हते. दाऊदभाई वही धरून त्यांच्या दारात उभे राहिले. "साक्षीबिगर मी जात नसतो, शेठ."

कल्याणरावांनी सही केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "जादा चावी आता कुठं ठेवणार?"

"ठेवतो कुठंतरी," मी म्हणालो.

"इकडं द्या," ते म्हणाले आणि हात पुढे केला.