प्रार्थनेच्या खोलीबाहेर

त्याला सगळी गल्ली गप्पू म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, हा गप्पांचा फड जमवत असेल. तो मोठ्या हौसेने दुकानात यायचा, इकडचं-तिकडचं बोलून बघायचा, आणि समोरून नुसतं ‘हं’ आलं की त्याच्या डोक्यात प्रकाश पडायचा. हे नाव गप्पांवरून नव्हतं, गप्प बसण्यावरून होतं.

दुकान कुलूपकिल्ल्यांचं. म्हणायला दोघा भावांचं, पण खरं दादाचं. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून कानस हातात घेतली आणि धाकट्याला अंगाखांद्यावर वाढवलं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम दादाचं, किल्ली घासायचं गप्पूचं. कुणाचं भांडण मिटवायचं असो की पाण्यासाठी कचेरीत जायचं असो, गल्ली दादालाच पुढे करायची. गप्पूने शाळा कधी सोडायची, दुकानात कधी बसायचं, लग्न कुणाशी करायचं, हे सगळं दादानेच ठरवलं होतं. गप्पूला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दादा आपलं भलंच बघतो, हे तो धरूनच चालायचा. बायको तर लाखात एक निघाली होती.

फक्त एक गोष्ट त्याने दादाला न विचारता केली होती, आणि दोन वर्षं कुणालाही कळू दिली नव्हती.

गल्लीच्या टोकाला एका जुन्या इमारतीत निवृत्त नर्सबाई राहायच्या. इमारतीच्या मागच्या आवारातली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. पूर्वी ती अडगळीची होती. नर्सबाईंनी ती घासूनपुसून चटया अंथरल्या आणि रविवारी सकाळी तिथे येशूला मानणारी माणसं प्रार्थनेला जमू लागली. थोडकीच होती. शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची मुलगी, एक सुतार, एक वॉचमन, आणि शास्त्र वाचून दाखवायला एक म्हातारे मास्तर. त्या खोलीच्या दाराची बिजागरी निखळली, तेव्हा गप्पूला बोलावणं आलं. आत प्रार्थना चालू होती म्हणून तो पायरीवर बसून राहिला. हातात स्क्रू ड्रायव्हर, कान आत. माणसं एकेकासाठी देवाजवळ मागत होती. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी. मग नर्सबाईंचा आवाज आला, ‘आणि प्रभू, बाहेर आमचं दार दुरुस्त करायला जो बसलाय, त्याच्याही मनातलं तुला ठाऊक आहे.’

आपल्या मनात काही असेल, असं आजवर कुणी धरलंच नव्हतं. गप्पू नुसता बसून राहिला.

पुढच्या रविवारी तो बिजागरीला तेल घालायला गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही. एका बिजागरीला माणूस किती तेल घालणार? शेवटी नर्सबाईच म्हणाल्या, ‘दार आता उघडताना हूं की चूं करत नाही रे. आत ये आणि बस.’

तो आत जाऊन बसला, तो तिथलाच झाला. येशूचं जगणं, त्याचं मरण, त्याचं पुन्हा उठणं त्याने मास्तरांच्या तोंडून ऐकलं आणि ते त्याला खरं वाटलं. नुसतं खरं नाही, आपल्यासाठी घडलेलं वाटलं. पण घरी तो सांगायचा, ‘काम आहे.’ खोलीत सगळ्यात मागे, दाराआड बसायचा, आणि बाहेर पडताना आधी गल्लीचा कानोसा घ्यायचा.

हळूहळू ती खोली गल्लीच्या डोळ्यांत खुपायला लागली. आधी कुजबुज, मग भिंतीवर शेण, मग एका सकाळी खिडकीची काच फुटलेली. ‘ही माणसं आपली माणसं फोडतात,’ असं दुकानाच्या कट्ट्यावर रोज बोललं जायचं आणि सगळ्यात मोठा आवाज दादाचा असायचा. गप्पू आत मशीनवर किल्ली घासत असायचा. कधीकधी घासून झालेली किल्लीही तो पुन्हा मशीनला लावायचा, म्हणजे ते ऐकू येऊ नये.

शनिवारी दुपारी दादा दुकानात शिरला तो घाईतच.

‘गप्पू, ड्रिल घे. जाड कोयंडा घे आणि ते सगळ्यात मोठं कुलूप काढ. नर्सबाईची खोली बंद करायची. घरमालकाला मी गप्प केलाय. उद्या आले की दारावर डोकं आपटू देत.’

गप्पूचे हात सवयीने चालत राहिले. त्याने पिशवी भरली. वाटेत काहीतरी होईल, घरमालक फिरेल, असं स्वतःला समजावत तो दादाच्या मागे चालू लागला. मागून आणखी माणसं येऊन मिळत होती. त्यांत पैलवानही होता. हा तालमीत कधी गेला नव्हता, पण अंगापिंडाने तसा होता आणि हात उचलायला एका पायावर तयार असायचा.

आवारात पोचेपर्यंत चांगली गर्दी झाली. घरमालक फिरला नव्हता. तो जिन्याखाली उभा राहून नखं कुरतडत होता. गप्पूने कोयंडा चौकटीला लावून पेन्सिलीने खुणा केल्या. ड्रिल उचललं आणि तेवढ्यात नर्सबाई हातात भाजीची पिशवी घेऊन आवारात आल्या.

त्यांनी दादाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग दाराशी उकिडव्या बसलेल्या गप्पूकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता या काहीतरी बोलणार. ‘तूसुद्धा?’ एवढं म्हणाल्या तरी संपलं.

नर्सबाई म्हणाल्या, ‘या मिस्त्रींशी माझी काही ओळख नाही. त्यांना सांगितलंय ते त्यांना करू द्या. माझं काय म्हणणं आहे ते मी तुमच्याशी बोलते.’

आणि त्यांनी त्याच्यावरून नजर काढून घेतली. त्याला वाचवण्यासाठी त्या परक्या झाल्या. कधी खोटं न बोलणारी बाई, आज त्याच्यासाठी बोलली.

गप्पूने ड्रिल खाली ठेवलं.

‘काय झालं? बॅटरी संपली?’ दादाने विचारलं.

‘नाही.’

‘मग?’

‘दादा, मी नाही लावणार.’

गर्दीतून कुणीतरी हसलं. दादा खाली वाकला. ‘नाटकं नको करू. लोक बघतायत.’

‘मी पण इथेच येतो, दादा. दर रविवारी. दोन वर्षं झाली.’ गप्पूचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही. ‘काय म्हणाला? काय म्हणाला?’ असं एकमेकांना विचारत ती गोष्ट मागेपर्यंत पोचली.

दादाने त्याच्या कानाखाली वाजवली. आजवर पहिल्यांदाच. मग ड्रिल स्वतः उचललं आणि कोयंडा बसवला. स्क्रू वाकडे गेले. पण खोली बंद झाली.

संध्याकाळी दादा आणि वहिनी गप्पूच्या घरी आले. दादाचा राग ओसरला होता आणि गप्पूला त्याचीच जास्त भीती वाटली. रागावलेल्या दादाला कसं सोसायचं हे त्याला ठाऊक होतं. दादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसला.

‘हे बघ. मी लोकांना आवरलंय. उद्या सकाळी सगळ्यांसमोर एवढंच म्हण, मी तिथे कामापुरता जात होतो. बस्स. बाकी मी निस्तरतो.’

गप्पूने नकारार्थी मान हलवली.

‘तुझ्यासाठी मी काय केलं ते मी कधी बोललो नाही. आज बोलायला लावू नकोस.’

‘तू सांगितलंस ते आजवर सगळं केलं, दादा.’

‘मग हेही कर. एक वाक्य आहे!’

‘खोटं आहे ते.’

‘लोक दिवसभर खोटं बोलतात. कुणाचं काय होतं?’

‘येशूने मला ओळखलं, दादा. दाराबाहेर बसलो होतो तेव्हा. आता मी चारचौघांत म्हणू, मी त्याला ओळखत नाही?’

वहिनी डोळ्यांना पदर लावून उभी होती. मग दादा उठला. ‘दुकानात पाऊल ठेवायचं नाही. आणि उद्या तिथे गेलास तर मला हाक मारू नकोस. मी मधे पडणार नाही.’

ते गेल्यावर बायकोने भांडी आपटायला सुरुवात केली. ती इतकी आपटली, की गप्पूला वाटलं, दादा बरा होता.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘हत्यारांची पिशवी घरी ठेवून कुठल्या कामाला जाता, हे न कळायला मी खुळी आहे काय? वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील. आणि शेवटी सांगितलंत कुणाला? पैलवानाला! अख्ख्या आवाराला! मी सोडून!’

‘चुकलंच माझं.’

‘उद्या जाणार आहात?’

‘हं.’

‘ते मारतील.’

त्याने सकाळसाठीचा शर्ट काढून ठेवला.

सकाळी तो शर्टाची बटणं लावत होता तेव्हा बायको चपला घालून दारात उभी होती. ‘मला तुमच्या प्रार्थनेतलं ओ की ठो कळत नाही,’ ती म्हणाली, ‘पण बाई बरोबर असली की लोक हात जरा आखडता घेतात. चला.’

रोजची गल्ली त्या दिवशी संपता संपेना. दोन्ही बाजूंनी दारं उघडी, दारांत माणसं, आणि कुणीही ‘काय गप्पू’ म्हणेना. एका खिडकीतून चूळ भरलेलं पाणी त्याच्या पायाशी पडलं. बायकोने त्याचा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती.

आवारात कुलूप लावलेल्या दारासमोर नर्सबाईंनी चटई अंथरली होती. शिवणवाली बाई आली होती, मास्तर आले होते. सुतार आला नव्हता, वॉचमनही नाही. मास्तरांना शास्त्रातलं पान सापडेना. प्रार्थना सुरू व्हायच्या आत पैलवान आणि त्याच्या मागे सात-आठ जण आत आले. दादा फाटकाशीच थांबला.

पैलवानाने गप्पूची कॉलर धरून त्याला उठवलं. ‘बोल. कामापुरता जात होतो म्हण. तुझ्या भावाची लाज राख.’

गप्पूने फाटकाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता. त्या क्षणी ते वाक्य गप्पूच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, हे त्याने पुढे बायकोला सांगितलं. अगदी टोकावर. दादाची ती खाली घातलेली मान त्याला बघवत नव्हती.

‘मी येशूचा आहे,’ तो म्हणाला. ‘दादाचाही आहे. पण खोटं नाही बोलणार.’

पहिल्या ठोशाला त्याचा ओठ फुटला, दुसऱ्याला तो चटईवर आडवा झाला. शिवणवाल्या बाईने मुलीला पोटाशी धरलं. पैलवानाने पाय उचलला आणि गप्पूची बायको मधे येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ‘आता मला,’ एवढंच म्हणाली.

पैलवान घुटमळला. फाटकातून दादाचा आवाज आला, ‘पुरे झालं.’ मग पुन्हा, जरा चढ्या आवाजात, ‘पुरे झालं म्हटलं ना!’ माणसं पुटपुटत, चटईला लाथा घालत निघून गेली. दादा त्यांच्याही आधी गेला होता.

नर्सबाईंनी ओठाला कापूस लावला. मास्तर अजून पानंच उलटत होते. तेव्हा दोन वर्षांत कधीही मोठ्याने प्रार्थना न केलेला गप्पू सुजलेल्या ओठाने बोलू लागला. दादासाठी, वहिनीसाठी, पैलवानासाठी, न आलेल्या सुतारासाठी. अडखळत, पण थांबला नाही. घरी जाताना बायको म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून तुम्हाला इतकं सलग बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं. तेही माझ्याशी नाही.’

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मात्र झालं नाही. बसस्टँडबाहेर त्याने एक टेबल आणि जुनं मशीन टाकलं. गल्लीतलं कुणी तिथे फिरकत नसे. एकदा कुणीतरी मशीन उलटवून कोऱ्या किल्ल्या गटारात ओतल्या, तेव्हा दिवसभर तो बाह्या सरसावून त्या उपसत बसला. कंटाळा आला, चीड आली, कधी दादाच्या आठवणीने जीव व्याकूळ झाला की ते एक वाक्य त्याला पुन:पुन्हा आठवायचं. अजूनही म्हटलं तर चालेल, दुकान तिथेच आहे. मग तो टेबलावर डोकं टेकायचा. येणारेजाणारे समजायचे, झोपला. तो मागत असायचा, ‘आजचा दिवस निभावून ने.’ उद्याचा तो मागतच नसे.

घरमालकाने खोली पुन्हा उघडली नाही. पावसात आवारात बसणं अवघड झालं, तेव्हा बायकोच नर्सबाईंना म्हणाली, ‘आमच्याकडे या. जागा कमी आहे, पण छप्पर गळत नाही.’ आधी ती स्वयंपाकघरात बसून ऐकायची. मग उंबऱ्यात. सुतार एका रविवारी मान खाली घालून आला. कुणी त्याला काही विचारलं नाही, गप्पूने सरकून जागा केली. वॉचमन कधीच परतला नाही. दादा समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. गप्पू तरी ‘दादा’ अशी हाक मारायचा. प्रत्येक वेळी.

पुढच्या वर्षी गप्पूने शहराबाहेर नदीवर बाप्तिस्मा घेतला. थंडी होती. मास्तर कमरेभर पाण्यात उभे राहून आधी स्वतःच कुडकुडत होते. गप्पू पाण्याखाली जाऊन वर आला, डोळे पुसले आणि पहिल्यांदा त्याने वर पुलाकडे पाहिलं. त्याने आदल्या दिवशी दुकानासमोर उभं राहून दादाला वेळ सांगितली होती. दादाने मान वर केली नव्हती.

पुलाच्या कठड्याशी वहिनी एकटीच उभी होती. तिने हात हलवला नाही, पण ती गेलीही नाही.

‘कुणाला शोधताय?’ बायकोने काठावरून टॉवेल पुढे केला. तिला ठाऊक होतं. ‘या बाहेर. गारठाल.’