महिषासुराच्या घरचा खेळाडू

आमच्या धाकट्या भावजींइतका सुरेख मरणारा माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या खेळातल्या नशिबाची वाट लावली तीही याच कलेने. घाबरू नका, भावजी ठणठणीत आहेत. आमच्या मोखाड्याच्या सूर्यमाळ भागात उन्हाळ्यात बोहाडा असतो. लाकडाचे थोरले मुखवटे चढवून माणसं देव आणि राक्षस होतात, संबळावर नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने आणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या घराकडे महिषासुर. उजाडता उजाडता देवीची तलवार अंगाला टेकली की महिषासुराने पडायचं आणि संबळ थांबेपर्यंत उठायचं नाही. त्यात कसर राहिली तर गावाला वर्ष वाईट जातं म्हणतात. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा सोंग धाकट्याकडे आलं. "पडायचा तं आसा पड, का देवीलाबी वाईट वाटला पायजे," ही सासऱ्यांची एवढीच शिकवण. भावजींनी ती अशी काही मनावर घेतली की लग्न होऊन मी खोडाळ्याहून आले त्या पहिल्या बोहाड्यात पाण्याचा तांब्या घेऊन धावत सुटले होते. त्यावरून घरचे मला अजून छळतात.

या माणसाला आश्रमशाळेतल्या सरांनी उचललं आणि मॉडर्न पेंटॅथलॉन नावाच्या खेळात घातलं. खेळ कसला, पाच खेळांचं गाठोडंच ते! पोहायचं, धावायचं, नेम मारायचा, तलवार खेळायची आणि घोड्यावर बसून आडव्या दांड्या ओलांडायच्या, हे सगळं एकाच माणसाने. धावण्याची आम्हाला काळजी नव्हती. आमच्या पाड्यावरून चुकलेली जीप भावजी खालच्या वळणावर गाठायचे. पोहायला ते वैतरणेच्या धरणावर शिकले. नेमबाजीचं पिस्तूल प्रकाशाचं, त्यात ना गोळी ना आवाज. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "आवाजच नाय, मंग मारला काय?" म्हणायच्या. हात स्थिर राहावा म्हणून भावजी पाण्याने भरलेली कळशी एका हाताने समोर धरून उभे राहायचे, आणि एप्रिलात आमच्याकडे पाण्याची काय किंमत असते ते ठाऊक असल्यामुळे हात हलण्याची प्राज्ञाच नव्हती. सासूबाई समोर बसलेल्या असायच्या ना!

घोडा मात्र कठीण गेला. तोही आपला नसतो, ऐनवेळी चिठ्ठीत निघेल तो. भावजी आधी त्याच्या कानाशी लागून आपल्या घरच्या बोलीत नातं जोडायचे, त्याला मामा म्हणायचे. काही मामा ऐकायचे, काही त्यांना कुंपणाबाहेर ठेवून यायचे. मग ऑलिंपिकनंतर मोठ्या लोकांनी घोडाच काढून टाकला आणि त्याजागी लोंबकळायचे, चढायचे अडथळे आणले. भावजींनी घरी पेढे वाटले. माणसाला माकडासारखं झाडावर चढल्याबद्दल गुण मिळतात हे कळल्यावर सगळा पाडा म्हणाला, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं!

आणि तलवार. त्यांच्या खेळात प्रत्येकाशी एकच वार. ज्याचं टोक आधी टेकलं त्याचा दिवा लागतो, तो जिंकला. भावजी खेळायचे झकास, पण समोरच्याचं टोक लागलं रे लागलं की हे महाराज गरकन फिरून, हात पसरून, उताणे! पहिल्यांदा पंचांनी डॉक्टर बोलावला. दुसऱ्यांदा समोरचा पोरगा रडायला लागला. प्रशिक्षक ओरडून थकले. भावजी म्हणायचे, "सर, मी नाय पडत. आंगच पडतं." पुढे पुढे बाकीचे खेळाडू त्यांची लढत बघायला गोळा व्हायचे. लोकांचा असा लाडका झालेला माणूस कधी पदक घेऊन मात्र आला नाही.

शेवटची स्पर्धा पुण्याला होती. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आलं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी, आणि त्यासाठीचं भावजींचं वय त्याच वर्षी संपत होतं. नोकरी लागली तर ते मोखाड्याला राहणार, आमच्याजवळ. नाही तर ठाण्याला, मिळेल ते काम. मी आणि हे मुद्दाम बघायला गेलो. भावजी त्या दिवशी असे खेळत होते की मी ह्यांच्या हाताला नखं रुतवून ठेवली होती.

शेवटच्या लढतीत समोरच्याचं टोक भावजींच्या बरगडीला लागलं. दिवा लागला नाही. भावजी पडले. छान पडले, नेहमीसारखे. पंच म्हणाले, दिवा नाही, वार नाही, उठा, खेळा. भावजी उठले, पण तलवार खालीच. "लागलीय मला," म्हणाले, "मेलेल्यानं तलवार उचलायची नसते." मी गॅलरीतून ओरडले, "अहो भावजी, उचला ना!" समोरचा बिचारा गोंधळला, त्याने इकडेतिकडे बघितलं, आणि हलकेच टोक टेकवलं. दिवा लागला. मग पोहण्यात, अडथळ्यांत, धावण्यात भावजींनी जीव काढला. चौथे आले. त्या एका वारापुरते चौथे!

कप्पाळ माझं! परतीच्या एसटीत मी त्यांना सोडलं नाही. "त्या मेल्या दिव्याला दिसलं नाही, तर तुम्हाला काय गरज होती?" ते नुसते हसत होते. सासऱ्यांनी घरी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बरा पडलास ना?" मग मी त्यांच्यावरही चिडले. दिवाळीनंतर भावजी ठाण्याला गेले. तिथे एका मोठ्या सोसायटीच्या तलावावर ते लक्ष ठेवायला बसतात, पोरांना पोहायला शिकवतात. पोरांचे लाडके आहेत असं हे सांगत होते. असणारच.

माझा राग उतरायला उन्हाळा आला. परवा फोनवर मनाचा हिय्या करून सांगून टाकलं, "भावजी, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत." मला वाटलं, हसतील, चिडवतील. त्यांनी आधी तलावातल्या एका पोराला काठ धरून राहायला सांगितलं. मग ते म्हणाले, "वहिनी, पण मला ती नोकरी पायजे होती."

"मला पण हवी होती, भावजी," मी म्हटलं.