वाहत्या पाण्यातली तुराटी

लग्न तोंडावर आलं तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "कन्यादानाले तुह्या काकाले बसव." कंपवातानं त्यांचे हात थरथरायचे. कन्यादानात आई तांब्यातून पाणी सोडते, ते बापाच्या ओंजळीतून नवरदेवाच्या आणि तिथून मुलीच्या ओंजळीत पडतं. ही धार अखंड राहावी लागते. चार लोकांत ती आपल्या हातून तुटेल, या धास्तीनं ते आतल्या आत झुरत होते. मला रागच आला. माझं लग्न, आणि बाबा मांडवात पाहुण्यासारखे खुर्चीवर बसणार!

संध्याकाळी त्यांना हट्टानं नदीवर नेलं. वर्ध्याच्या कॉलेजात मी प्रवाहांचं शास्त्र शिकवते. त्यात एक धडा आहे, वाहत्या पाण्यात उभी केलेली गोल काठी. मुलांना वाटतं, पाणी तिला नुसतं पुढे ढकलतं. पण काठीमागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि दर वेळी काठीला आडवा हिसका बसतो. हे सांगताना अर्धा वर्ग जांभया देतो.

काठावर तुरीची एक वाळकी काडी पडली होती. ती तुराटी मी धारेत उभी धरली. ती लगेच थरथरू लागली.

"धरा बाबा."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. "माह्यानं हालली."

"नाई. पाहा, तुमचा हात नाई तरी हालूनच राह्यली."

ते वाकून बघत राहिले. मी भोवऱ्यांचं सगळं समजावलं.

"म्हंजे काडीचा दोष नाई?"

"नाई."

"मंग माह्या हाताले कोनतं पानी लागून राह्यलं?"

मला रडूच आलं. "मले नाई माहीत. पन मांडवात मले तुमीच पायजे. धार तुटली तं तुटली."

तुराटीकडे बघत ते म्हणाले, "शालू ओला होईन तुहा."

मांडवात आईनं धार सोडली. बाबांची ओंजळ हलायला लागली, पाणी इकडेतिकडे जाऊ लागलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी खाली पाहिलं. नवरदेवाची ओंजळ बाबांच्या ओंजळीखाली तशीच हलत होती, बाबांची जाईल तिकडे, पाणी झेलत. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.