अण्णांनी बसवलेलं रबर

चढाईचे बूट अगदी नवे असले तरी त्यांच्या पंजाखाली पेन्सिलीच्या जाडीएवढंसुद्धा रबर नसतं. तेवढ्याशा थरावर माणूस खडकाला धरून उभा राहतो. माझ्या बुटांचं अंगठ्याखालचं रबर तर पापडासारखं पातळ झालं होतं, आणि विद्यापीठाच्या चढाई संघाची निवड दहा दिवसांवर आली होती. मी तेव्हा नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढच्या वर्षी मी विद्यार्थिनीच नसणार होते, त्यामुळं पुन्हा कधी बघू, असं म्हणायची सोय नव्हती. जे काय व्हायचं ते त्या एका रविवारी.

बूट मूळचे माझे नव्हते. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढं असलेल्या बिलोलीकडच्या एका ताईनं ते मला दिले होते. मैदानामागच्या उंच भिंतीवर, जिच्यावर हातपाय ठेवायला रंगीत प्लास्टिकचे होल्ड बसवलेले असतात, तिथं मला पहिल्यांदा दोरी बांधली तीही तिनंच. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी कॉलेजात जाऊन भिंत चढायला लागले होते. ताई म्हणायची, तुझ्या बुटाचं रबर दाखव, तू कशी चढतेस ते मी न बघता सांगते. मग बूट बघून रागवायची. पाय नीट उचलून ठेवायच्या ऐवजी मी तो भिंतीला घासत वर न्यायचे. रबर त्यानंच लवकर जात होतं.

महालक्ष्म्यांच्या सणाला मी गावी गेले. आमचं गाव किल्लारीजवळ, आणि अण्णा म्हणजे माझे वडील किल्लारी ते लातूर जीप चालवतात. बूट उन्हात ओट्यावर ठेवले होते. अण्णांनी जाता जाता डावा बूट उचलला, उजेडाकडं धरला आणि टायरवरून फिरवतात तसा अंगठा सोलवरून फिरवला.

“डाव्या चाकाचं अलायमेंट गेलंय,” ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करायलेत. पण ते गंभीर होते.

“डावा पाय बाहीर फाकवून टाकतीस तू. ही कड खाल्लीय बघ. आन् हितं म्होरं घासलंय, म्हंजी पाय उचलायच्या आधीच वढायलीस.”

ताईनं दोन वर्षं ओरडून जे सांगितलं होतं ते अण्णांनी एका मिनिटात, भिंत न बघता सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या शेजारी बसूनच घेतलं. तोवर आमचं चढाईवर बोलणंच झालं नव्हतं. भिंतीवर चढून काय मिळतं, असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तेवढंच. त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. बूट इतके घट्ट का घालतात, काडेपेटीच्या कडेएवढ्या जागेवर कसं उभं राहतात, निवड कधी आहे. अण्णांनी शेवटी एवढंच विचारलं, की हे रबर किती दिवस चालतं. रोज चढलं तर काही महिने, मी म्हटलं. मला कुणीतरी फसवून बूट विकलेत असा त्यांचा चेहरा झाला.

दुसऱ्या दिवशी बूट ओट्यावर नव्हते. कामाला दिलेत, एवढंच ते म्हणाले.

परत जाताना लातूरला त्यांनी मला स्टँडवर न सोडता आधी एका रिमोल्डच्या दुकानात नेलं. झिजलेल्या टायरवर नव्या रबराची पट्टी चिकटवून तो पुन्हा चालता करायचं हे काम. तिथले चाचा अण्णांच्या जीपचे टायर कितीतरी वर्षं करतात. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट माझ्या हातात दिले. ट्रकच्या टायरची पट्टी पातळ कापून, घासून, सोल्युशन लावून त्यांनी ती दोन्ही पंजांखाली दाबून बसवली होती. कडा तर अशा गोल घासल्या होत्या की जोड कुठंय ते बोटाला लागत नव्हतं.

“बेटा, ये तो अब तेरे बच्चे भी पहनेंगे,” चाचा म्हणाले.

अण्णा म्हणाले, “घाटात भरलेला ट्रक धरतंय हे रबर. तुझं वजन ते काय.”

काळं, चकचकीत, भरपूर रबर. नांदेडच्या बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसले आणि चार वेळा कागद उघडून पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी भिंतीवर गेले. भिंतीचा खालचा भाग मागं कललेला, उतरता आहे. तिथं पायाला होल्ड नाहीत. रबर सपाट दाबायचं आणि ते भिंतीला धरतं. मी उजवा पाय दाबला, तो शेवाळावरून सटकावा तसा खाली आला. डावा दाबला. तोही आला. दहा वेळा केलं, दहा वेळा जमिनीवर.

तेव्हा मला ते कळलं, जे विज्ञान शिकणाऱ्या मुलीला दुकानात नखानं रबर दाबून कळायला हवं होतं. चढाईचं रबर मऊ असतं म्हणून ते दगडाच्या बारीक खाचांत शिरतं, आणि मऊ असतं म्हणूनच झिजतं. ट्रकचं रबर ट्रकच्या वजनाखाली धरत असेल, माझ्या वजनाखाली ते ढिम्म राहिलं. आमच्या घरात पायात घालायच्या वस्तूची एकच परीक्षा होती, ती किती टिकते. त्या परीक्षेत अण्णा शंभर टक्के पास झाले होते.

दुसरे बूट नव्हते. भिंतीवरचे सगळ्यांसाठी ठेवलेले बूट मुलग्यांच्या मापाचे, मला ढगळ होते, आणि ताईनं स्वतःचे नवे एक माप लहान घेतले होते, ते मला चढत नव्हते. मी ताईला फोन केला. ती शिकून बिलोलीलाच नोकरीला लागली होती. सगळं ऐकून ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, “रडायलीस का?”

“न्हाई.”

“मग उद्या पहिल्या बसनं ये.”

ताईच्या गावामागं माळ आहे आणि माळावर घराएवढाले दगड पडलेत. आमच्या लातूरकडं दगड काळा असतो. इथला करडा, गुलाबी झाक असलेला, आणि जाड साखर चिकटवल्यासारखा खरखरीत. ताईनं आधी तारेच्या ब्रशनं दोन्ही सोल घासून त्यांची चमक काढली. मग मला उतरत्या दगडावर पाठवलं. मी घसरले. आणखी एकदा घसरले. तिनं मान हलवली आणि मला दगडाच्या दुसऱ्या अंगाला नेलं. ते अंग सरळ उभं होतं, आणि त्यावर भाकरीच्या काठाएवढ्या बारीक कडा होत्या.

“हितं ठेव. घासू नको. आधी बघ, मग ठेव, मग उभी राहा.”

मी उजव्या पायाचं टोक कडेवर ठेवलं आणि वजन दिलं. काहीच झालं नाही. म्हणजे पाय हललाच नाही! माझं जुनं मऊ रबर अशा कडेवर वजन पडलं की दुमडायचं आणि बोटांत कळा यायच्या. हे वाकतच नव्हतं. घरच्या ओट्यावर उभं असल्यासारखी मी त्या काठावर उभी होते. मी एक हात सोडला. ताईला दाखवायला थोडी हललेही. मग पुढची कड, तिच्या पुढची, आणि दगडाच्या माथ्यावर बसून मी खाली बघितलं तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

दुपारपर्यंत मी तोच दगड किती वेळा चढले ते आठवत नाही. बोटांची कातडी गेली. पाय अर्धं बोट जरी चुकला तरी ते रबर माफ करत नव्हतं, लगेच सटकत होतं. त्यामुळं मला प्रत्येक वेळी पाय बघूनच ठेवावा लागला. घासत न्यायची सवय एका दिवसात मोडली.

“तुझ्या बापानं बूट न्हाई, मास्तर पाठवलाय,” ताई म्हणाली. मग तिनं मला रविवारचं सांगितलं. खालच्या उतारावर पायावर विश्वास ठेवायचा नाही, हातांनी ओढून वर जायचं. वर बारीक होल्ड लागले की भिंत तुझी.

रविवारी ताई आली होतीच. पण मैदानाच्या कडेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अण्णाही उभे होते. जीप दुसऱ्याकडं देऊन ते पहाटेच्या बसनं आले होते. रबराचं मी त्यांना काही बोलले नव्हते.

माझा नंबर आला. उतारावर तिसऱ्याच पावलाला उजवा पाय सुटला आणि मी दोन हातांवर लोंबकळले. खालून लोकांचा ‘अरेरे’ असा आवाज आला. मी अण्णांकडं बघितलं नाही. हात जळत होते, पण ओढत ओढत तो भाग संपवला आणि सरळ भिंतीला लागले. इथले होल्ड बिस्किटाएवढे होते. माझ्या आधीच्या दोघी इथंच पडल्या होत्या, त्यांच्या बुटांचं झिजलेलं टोक होल्डवरून वळून निघालं होतं. मी बघितलं, ठेवलं, उभी राहिले. पाय जागचा हलला नाही. मी निवांत एक हात झटकला, मग दुसरा, आणि वर निघाले. शेवटून दुसऱ्या होल्डला दोन्ही हात लागले, शेवटच्यासाठी झेप घेतली आणि पडले.

संघात निवडलेली चार नावं वाचली. तिसरं माझं होतं.

ताईनं मला उचललंच. अण्णा मात्र जवळ येऊन सरळ खाली बसले, माझा पाय हातात घेतला आणि रबरात नख रोवलं.

“खाली घसरलं ना?”

“एकदा.”

“मला दिसलं. कडक पडलं हे. सांगितलं का न्हाईस?”

मी त्यांना वरचा होल्ड दाखवला. म्हटलं, अण्णा, खाली घसरलं ते खरं, पण तिथं यानंच धरलं. जुन्या रबरावर मी तिथं टिकलेच नसते. ताईनंही मान डोलावली. त्यांनी मान वर करून तो होल्ड निरखला.

“तेवढ्याशावर?”

“हाव.”

त्यांनी माझा पाय हळूच जमिनीवर ठेवला. मग ताईला विचारून घेतलं की ते मऊ रबर मिळतं कुठं. पुण्याहून त्याचा तुकडा मागवला, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आधी आम्ही दोघं तो घेऊन चाचांकडं गेलो. चाचांनी तो चिमटीत दाबला. “ये तो च्युइंग गम है,” ते म्हणाले आणि अण्णांकडं बघून हसले. त्यांनी दोन्ही बूट पुढं ओढले, तेव्हा मी उजव्यावर हात ठेवला. फक्त डावा करा, म्हटलं, उताराला मऊ आणि बारीक कडांना कडक.

एका पायाला मऊ आणि एका पायाला ट्रकचं रबर घालून मी पहिल्यांदा राज्याबाहेर गेले. पहिल्या फेरीत टिकले, दुसरीत पडले, आणि परत येताना रेल्वेत सगळ्यांना माझे बूट दाखवत आले.

आता मी लातूरला एका शाळेत शिकवते आणि सुटीच्या दिवशी अजून चढते. गावी गेले की अण्णा आधी बूट काढायला लावतात. उजव्यावर अंगठा फिरवून तो बाजूला ठेवतात. डावा उजेडाकडं धरतात, “गेलं पुन्हा,” म्हणतात, आणि मला न विचारता जीपमध्ये ठेवून देतात.